बारावीनंतरची गळती: शाळेत समुपदेशक हवाय, पण कशासाठी?

खडूफळा | मंगळवार, रात्री १०:४०

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवतो. मुलं बहुतेक ऊसतोड कामगारांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची, काही वडार आणि पारधी वस्त्यांवरची. 'शाळाशाळांत समुपदेशक नेमा' हा विषय सध्या पुन्हा वर आलाय. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भातला तो निकाल, आणि योग्यच आहे. पण हे पद उद्या खरोखर आमच्या शाळेत आलं तर त्या माणसाने दिवसभर करायचं काय, यावर कुणी बोलताना दिसत नाही. माझं मत मांडतो, मग काय जोडे मारायचे ते मारा.

२०२५ ला राज्याचा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. म्हणजे पास होणं हा आता फार मोठा अडसर राहिलेला नाही. अडसर त्यानंतर सुरू होतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटासाठी उच्च शिक्षणातल्या नोंदणीचं ढोबळ प्रमाण देशात २८.४ टक्के होतं, महाराष्ट्रात ३५.३. अनुसूचित जमातींचं देशपातळीवर २१.२. महाराष्ट्र सरासरीच्या वर आहे म्हणून आपण खुश असतो, पण मुलं कॉलेजात गेली म्हणजे नेमकी कुठे गेली हे त्या आकड्यात दिसत नाही.

आमच्याकडचं गणितात पंच्याऐंशी मार्क मिळवणारं पोरगं बी.ए.ला का जातं? इतिहासाच्या ओढीने जाणारी थोडी असतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. बाकीची जातात ती बी.ए.ला सीईटी लागत नाही, जात वैधता (जातीच्या दाखल्याची पडताळणी) लागत नाही, कॅप राउंडची (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची) भानगड नाही आणि गावातल्या कॉलेजात जुलैत कधीही जाऊन नाव घालता येतं म्हणून. कोणत्या शाखेला जायचं हे घरातल्या कागदांवरून ठरतं.

आणि आपण काय केलं? २०१६ साली दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू केली. २०१८ ला ती मोबाइल अॅपवर आणली. पुढे युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल आलं. हेतूबद्दल शंका नाही. पण चाचणीने पोराला 'तुझा कल आरोग्य व जैविक विज्ञानाकडे' असं सांगितलं आणि तिथे तिचं काम संपलं. नीटचा फॉर्म कधी निघतो, उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, आधारवर 'ज्ञानोबा' आणि शाळेच्या दाखल्यावर 'ज्ञानेश्वर' असेल तर आधी काय दुरुस्त करून घ्यायचं, हे सांगायला कुणी नव्हतं. बोर्ड परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं, तेही परीक्षेच्या ताणासाठी.

तारखांचा घोळ तर बघाच. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यावर असतात. सीईटीचा फॉर्म निघतो डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे दाखल्यासाठी तहसीलला ज्याच्या सह्या लागतात, ज्याच्या मोबाइलवर आधारचा ओटीपी येतो, तो बाप त्या वेळी कोल्हापूर नाहीतर बेळगावकडच्या फडात असतो, आणि पोरगं आजीबरोबर गावात. हे कागद दसऱ्याच्या आत झाले नाहीत तर त्या वर्षी होत नाहीत. हे गणित मुंबईत बसून वेळापत्रक काढणाऱ्याला कळणार नाही, त्याचा दोषही नाही. शाळेला मात्र ते पक्कं माहीत असतं.

म्हणून माझं म्हणणं असं: शाळेतल्या समुपदेशकाचं पहिलं काम कागद, फॉर्म आणि तारखा. नववीपासून प्रत्येक मुलाची फाइल. कल, आवड, ताणतणाव हे सगळं त्याच्यानंतर. आणि हे शासन निर्णयात कामाच्या यादीत लिहिलेलं हवं. लिहिलं नसलं की ते काम कुणाचंच नसतं.


पोफळी | मंगळवार, रात्री ११:१५

धागा आवडला. एक बाळबोध शंका. फॉर्म भरायला गावोगाव सेतू आणि महा ई-सेवा केंद्रं आहेत की. आमच्या रत्नागिरीकडे तर प्रत्येक बाजारपेठेत दोन-दोन. मग शाळेने का करायचं?


टेबलामागून | बुधवार, सकाळी ७:५०

@पोफळी, याचं उत्तर मी देतो. एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसतो. सेतूवाला तुम्ही सांगाल तो फॉर्म भरतो. कोणता भरायचा हे तो सांगत नाही, ते त्याचं कामही नाही. आणि आमच्यापर्यंत मूल येतं तेव्हा जे बिघडायचं ते आधीच बिघडलेलं असतं.

तीन गोष्टी सांगतो, दरवर्षी डोळ्यांसमोर घडणाऱ्या.

पहिली, 'डायरेक्ट अॅडमिशन'. निकाल लागला की एजंट गावात फिरायला लागतात. 'सीईटीला मार्क कमी आहेत ना, काळजी नको, सीट पक्की करून देतो.' बाप बिचारा उसने पैसे काढून जागा घेतो. ती निघते व्यवस्थापन कोट्यातली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. पण कधी? प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तर. कोट्यातून घेतला की माफी गेली. त्या मुलीला बहुतेकदा कॅपमधून त्याच कॉलेजात, कदाचित त्याच शाखेत जागा मिळाली असती! आमच्या टेबलाशी येऊन ती विचारते, 'सर, मुलींना फी माफ आहे ना?' काय सांगायचं तिला.

दुसरी, टीएफडब्ल्यूएस, म्हणजे फीमाफीच्या जागा. प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा, शिक्षण शुल्क पूर्ण माफ, उत्पन्नमर्यादा आठ लाख, जातीची अट नाही. पण पसंतीक्रम भरताना या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' लागलेला. तो वेगळा टाकावा लागतो. नुसता कॉलेजचा साधा कोड टाकला तर कितीही मार्क असोत, ती जागा मिळत नाही. शहरातल्या क्लासवाल्या मुलांना हे पाठ असतं.

तिसरी, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा आता थेट मुलाच्या आधार-जोडणी केलेल्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असते, पैसे खर्च होतात, मग कॉलेज निकाल अडवतं, परीक्षेचा फॉर्म अडवतं. दुसऱ्या वर्षाला नाव गळतं. हे बारावीलाच कुणी बाप-लेकाला समोर बसवून समजावलं असतं तर?

शिष्यवृत्तीपात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नये असे आदेश वेळोवेळी निघालेत. तरी मागतात. मुलाकडे आदेशाची प्रत नसते आणि बापाकडे वाद घालायची हिंमत नसते.


माजी_हेडमास्तर | बुधवार, सकाळी ९:०५

खडूफळा सर, भावना समजते. पण शेवटी हे कुणाच्या गळ्यात पडणार ते मला दिसतंय. संचमान्यतेत (शाळेच्या मंजूर पदांच्या यादीत) समुपदेशकाचं पद नसतं. त्यामुळे परिपत्रक येईल, 'प्रत्येक शाळेने एका शिक्षकाची समुपदेशक म्हणून नियुक्ती करून अहवाल सादर करावा'. आणि कुणातरी मॅडमच्या नावापुढे ते लिहिलं जाईल. त्या आधीच बीएलओ (मतदार यादीचं काम) आहेत, पोषण आहाराच्या नोंदी बघतात, यू-डायस भरतात, अपार आयडी काढतात. कागदावर समुपदेशक तयार!

दुसरं, हे काम शाळा पूर्वी करतच होत्या, परिपत्रकाशिवाय. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं उभी केली, कर्मवीरांनी साताऱ्याच्या बाजूला पोरं हाताला धरून बोर्डिंगात आणली. शिक्षकाला मूल 'आपलं' वाटत होतं. आता ते नाही, त्याला पद काय करणार?


खडूफळा | बुधवार, दुपारी १:३०

सर, बीएलओच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच शिक्षकाच्या डोक्यावर अजून एक टोपी नको, पूर्णवेळ वेगळा माणूस हवा म्हणतोय.

'आपलं वाटणं' याबद्दल मात्र थोडं भांडतो. एनएमएमएस ही शिष्यवृत्ती घ्या. आठवीत परीक्षा, नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये, उत्पन्नमर्यादा साडेतीन लाख. ही योजना आमच्या भागातल्या झेडपीच्या शाळांतसुद्धा पोचलीय. शिक्षक रविवारी वर्ग घेतात, बापाला तहसीलला घेऊन जातात, खातं उघडून देतात. कारण 'आमच्या शाळेचे इतके लागले' हा फलक गेटवर लागतो, केंद्रप्रमुख विचारतात, गावात नाव होतं. हेच शिक्षक, हीच आपुलकी. बारावीनंतर किती मुलं कुठे गेली याचा फलक कोणत्या शाळेने लावलाय? कुणी विचारतच नाही. दाखला दिला की शाळेच्या लेखी मूल संपलं.

आणि बोर्डिंगांचा काळ मोठाच होता, पण तेव्हा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र ३१ मार्चला संपत नव्हतं :)


हडसनकाठ | बुधवार, संध्याकाळी ७:२०

न्यू जर्सीतून लिहितेय. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी हायस्कुलात शिकली, आणि मी स्वतः शेजारच्या गावातल्या शाळेत काही वर्षं मदतनीस होते, त्यामुळे इथली समुपदेशक व्यवस्था बऱ्यापैकी जवळून पाहिलीय.

इथे हे पद शाळेत असतंच. त्यांच्या व्यावसायिक संघटनेची शिफारस आहे २५० विद्यार्थ्यांमागे एक, प्रत्यक्षात देशाची सरासरी पावणेचारशेच्या आसपास. गरीब भागांतल्या शाळांत तर एकेकाकडे याहून कितीतरी जास्त मुलं असतात, आणि त्याचा बराच वेळ वेळापत्रकं जुळवण्यात आणि परीक्षांच्या व्यवस्थेत जातो. म्हणजे पद असलं की काम होतं असं नाही. हेडमास्तर काकांची भीती इथेही खरी ठरलेली आहे.

पण खडूफळांच्या मुद्द्याला बळ देणारी एक गोष्ट सांगते. इथे आर्थिक मदतीसाठी 'फाफ्सा' नावाचा सरकारी फॉर्म असतो. २००८ मध्ये ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत बेटिंजर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. प्राप्तिकराचा फॉर्म भरून घ्यायला दुकानात आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना तिथल्या तिथे फाफ्सा भरून दिला. माहिती आधीच संगणकात होती, त्यामुळे काही मिनिटांचंच काम. दुसऱ्या गटाला नुसतं सांगितलं की तुम्हाला साधारण एवढी मदत मिळू शकते, हा घ्या फॉर्म. पुढे पाहिलं तर ज्यांचा फॉर्म भरून दिला त्या घरांतल्या बारावीच्या मुलांचं कॉलेजात दोन वर्षं पूर्ण करण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ वर गेलं होतं. नुसती माहिती दिलेल्या गटात काहीच फरक पडला नाही. काहीच नाही!

मला हा निकाल फार बोलका वाटतो, कारण आपल्याकडे सगळा भर 'मार्गदर्शन शिबिरा'वर असतो. हॉलमध्ये तीनशे मुलं, प्रोजेक्टर, पाहुण्यांचं भाषण, 'करिअरच्या वाटा'ची पुस्तिका, वडापाव. म्हणजे तो दुसरा गट.

अजून एक, सावधगिरीचं. लुईझियाना राज्याने २०१८ च्या बॅचपासून नियम केला की बारावीचं प्रमाणपत्र हवं तर फाफ्सा भरा, किंवा भरायचा नाही असं लिहून द्या. फॉर्म भरणाऱ्यांचं प्रमाण एकदम वाढलं, ते राज्य देशात पहिल्या ओळीत आलं. मग २०२४ मध्ये त्यांनी तोच नियम मागे घेतला. घरच्यांवर सक्ती नको, असा सूर होता. म्हणजे सक्ती करायचीच असेल तर ती शाळेवर करा, मुलावर नको, असं मला वाटतं.


निशाचर | बुधवार, रात्री ११:५५

अमेरिकेतली उदाहरणं इथे काय कामाची ताई? तिकडे फॉर्म एक, इकडे पन्नास. आणि मूळ प्रश्न आरक्षणाचा आहे. ज्यांना खरी गरज आहे त्यांना...

(या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद 'आरक्षण: कायमस्वरूपी चर्चा' या धाग्यावर हलवले आहेत. विषयाला धरून लिहावे. – संपादक मंडळ)


बिऱ्हाड_पाठीवर | गुरुवार, सकाळी ६:३०

नेहमी नुसता वाचत असतो, लिहिण्याची ही पहिलीच वेळ. भटक्या जमातीतला आहे. आता पुण्यात नोकरी करतो, सॉफ्टवेअरमध्ये.

जात वैधतेबद्दल लिहितो, कारण खडूफळा सरांनी एका ओळीत ती उरकली. वैधतेसाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, आम्हाला २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे १९६१ च्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात होतं आणि तीच जात होती हे दाखवणारा कागद. आता सांगा, माझा आजोबा १९६१ ला पालं टाकत फिरत होता. सातबारा नाही, शाळा नाही, जन्मनोंद नाही. कुठला कागद आणू?

मला वाचवलं ते माझ्या हायस्कुलातल्या कारकुनांनी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दहावीचा निकाल लागल्यावर ते म्हणाले, 'तुझ्या आज्याचा कुणी भाऊ, चुलता शाळेत गेला होता का रे? कुठल्याही गावात, एक वर्ष का होईना?' आईने आठवून आठवून सांगितलं की आजोबांच्या धाकट्या भावाला अहमदनगरकडच्या एका गावात मास्तरांनी वर्षभर बसवून घेतलं होतं. अण्णांनी तिथल्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. जुन्या जनरल रजिस्टरात नोंद निघाली, जातीसकट. त्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर माझी वैधता झाली. दक्षता पथकाची चौकशी वगैरे सगळं झालं, वेळ लागला, पण अकरावीलाच सुरुवात केली असल्यामुळे बारावीपर्यंत हातात आली. पुढे माझ्या कागदावर दोन्ही बहिणींची आणि चुलतभावांची झाली, कारण रक्तनात्यात एकाची वैधता असली की मागच्यांना सोपं जातं.

माझ्याबरोबरचे दोघं होते, माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी बारावीनंतर अर्ज केला. मुदतीत झालं नाही, खुल्या जागेची फी परवडली नाही. एक आज जेसीबी चालवतो.

अण्णांचं ते काम नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. मला सरांचा मुद्दा पटतो तो यामुळे. हे कसब शाळेच्या कपाटाशेजारी बसणाऱ्या माणसाकडेच असतं. ते कुणाच्या चांगुलपणावर का सोडायचं?


पोफळी | गुरुवार, सकाळी ८:१०

@बिऱ्हाड_पाठीवर, लिहीत राहा हो. माझी शंका मागे घेतली.


मनकवडी | गुरुवार, दुपारी ३:००

मी व्यवसायाने समुपदेशक. सीबीएसईच्या शाळेत होते (त्यांच्या संलग्नतेच्या नियमांत हे पद आहे), आता एका संस्थेबरोबर बीड-जालन्याकडच्या मुलींसाठी काम करते.

खडूफळा सर, तुमचं ७० टक्के मान्य. पण 'कल, आवड, ताण हे सगळं त्याच्यानंतर' या वाक्याला माझा विरोध आहे. तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. मुलीचे सगळे कागद पूर्ण. सीईटीला चांगले पर्सेंटाइल. कॅपमध्ये जागा लागलेली. आणि जुलैत तिचं लग्न ठरतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल (आगाऊ रक्कम) जोडीला मिळते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. वयात आलेली मुलगी गावात आजीपाशी ठेवून सहा महिने जायचं या भीतीनेही लग्नं उरकतात. तिथे टीएफडब्ल्यूएसचा कोड काय करणार?

तिथे लागतं बोलणं. एकदा नाही, वर्षभर. बापाशी, आजीशी, मुकादमाशीसुद्धा. आमचा अनुभव असा की आईबापांना 'शिक्षणाचं महत्त्व' सांगून उपयोग शून्य. त्यांना ते माहीत असतं. त्यांना वसतिगृह बघायचं असतं. गेटला कुलूप असतं का, वॉर्डन बाई आहेत का, रविवारी कोण सोडतं, जेवण काय. एकदा बापाला एसटीत घालून वसतिगृह दाखवून आणलं की अर्धं काम होतं. आणि मुलीच्या मनात जो गोंधळ असतो, 'मी गेले तर धाकट्यांचं काय', तो कुणीतरी ऐकून घ्यावा लागतो. यासाठी शिकलेला माणूस लागतो, नुसता फॉर्म भरणारा चालत नाही.

त्यामुळे एकाच व्यक्तीत दोन्ही कोंबू नका. तुम्ही म्हणता तो 'प्रवेश सहायक' वेगळा, आणि समुपदेशक वेगळा. नाहीतर होईल असं की न्यायालयाच्या आदेशाखाली पद भरायचं आणि त्याच्याकडून महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे) अर्ज भरून घ्यायचे. रडणारी मुलगी दाराबाहेर उभी आणि आत साहेब ओटीपीची वाट बघतायत.


वऱ्हाडी_ठेचा | गुरुवार, रात्री ९:४५

सगळं खरं हाय, पण सगळ्यायनं कॉलेजातच काऊन जावं बाप्पा? आमच्या इकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकला सीईटी नाही, दहावीच्या मार्कावर प्रवेश, तीन वर्षांत डिप्लोमा, अन् मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बारावीची भानगडच नाही. माझा पुतण्या तसाच गेला. पण हे त्याले सांगलं कोणी? शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं. शाळेनं नाही, कारण शाळेची स्वतःची अकरावी हाय, तुकडी टिकवाची हाय, पोट्टं बाहेर गेलं तर पद जाते. आता मले सांगा, त्याच शाळेच्या पगारावरचा समुपदेशक पोट्ट्याले पॉलिटेक्निकले जा म्हणन का?


माजी_हेडमास्तर | शुक्रवार, सकाळी १०:२०

ठेचा भाऊंनी वर्मावर बोट ठेवलं. तुकडी टिकवण्याचं गणित मी स्वतः वर्षानुवर्षं पाहिलंय. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, दहा पसंतीक्रम, तेव्हा आसपासच्या शाळांत काय धावपळ उडाली होती! मुलांना 'पहिला पसंतीक्रम आपलीच शाळा टाक' म्हणून घरी जाऊन सांगणारे गुरुजी पाहिलेत. म्हणजे फॉर्म भरून द्यायला माणसं मिळतात, फक्त कुणाच्या फायद्याचा फॉर्म हा प्रश्न.

त्यामुळे मी माझं आधीचं म्हणणं थोडं बदलतो. पद हवं, पण ते शाळेच्या संचमान्यतेत नको. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुलाची कल्पना आहे, आसपासच्या शाळांनी मिळून समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते वाटून घ्यावेत अशी. तीन-चार कनिष्ठ महाविद्यालयं मिळून एक माणूस, पगार शासनाकडून, हजेरी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. मुख्याध्यापकाचा त्याच्यावर हुकूम नाही. तेव्हाच तो 'पॉलिटेक्निकला जा' म्हणू शकेल.


टेबलामागून | शुक्रवार, दुपारी १२:०५

हेडमास्तर सर, पण तीन-चार कॉलेजांत एक माणूस म्हणजे सहाशे-सातशे मुलं. हडसनकाठ ताईंनी सांगितलेला आकडा आठवा. फाइल नववीपासून म्हटली तर त्याहून जास्त. मग तोही शिबिरंच घेणार.


हडसनकाठ | शुक्रवार, संध्याकाळी ६:००

सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही. क्लासवाली, नोकरदारांची मुलं स्वतःचं बघतात. ज्यांच्या घरातून आधी कुणीच कॉलेजात गेलेलं नाही, त्यांची यादी वेगळी काढायची आणि त्यांच्यावरच लक्ष ठेवायचं. इथल्या चांगल्या शाळा हेच करतात.


खडूफळा | शनिवार, रात्री ९:३०

दोन दिवस यात्रेची सुट्टी आणि पाहुणे, त्यामुळे उशीर. सगळं वाचलं.

मनकवडी ताई, 'त्याच्यानंतर' हा शब्द मागे नाही घेत, पण तुमचा वेगळ्या पदाचा मुद्दा घेतो. कागदाचं काम करणाऱ्याला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्या गावातली बी.कॉम. झालेली, स्वतः या चक्रातून गेलेली मुलगी ते उत्तम करेल. पगारही कमी लागेल. मानसिक आरोग्याचं पद न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे वेगळं भरा. फक्त दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं, कारण जागा लागलेली मुलगी सीट स्वीकारायचे हजार रुपये भरायला आली नाही हे पहिल्यांदा कळतं ते कागदवाल्याला, आणि तिच्या घरी कोण जाणार हे ठरवायचं तुमच्यासारख्यांनी.

ठेचा भाऊ, पॉलिटेक्निक पटलं. आयटीआयही त्यात आलं. फाइल नववीपासून म्हणतोय ती त्यासाठीच.

मोजायचं कशाने, हा प्रश्न कुणी थेट विचारला नाही, पण तोच कळीचा आहे. प्रवेशांचे आकडे मागितले तर शाळा बी.ए.चे प्रवेश भरून शंभर टक्के दाखवतील. मी दोनच गोष्टी मागेन. मागास प्रवर्गातल्या बारावी विज्ञानच्या किती मुलांचा जात वैधतेचा अर्ज अकरावीतच दाखल झाला. आणि शिष्यवृत्तीला पात्र असलेल्यांपैकी किती जणांचा महाडीबीटी अर्ज पहिल्या वर्षी मंजूर झाला. दोन्ही आकडे शासनाच्याच पोर्टलांवर पडलेले असतात, शाळेला वेगळा अहवाल पाठवायला नको. फुगवताही येत नाहीत.

२०२४ ची गोष्ट विसरू नका. बीबीए, बीसीए, बीएमएसला सीईटी लागू झाली, गावोगावच्या मुलांना पत्ता नव्हता. जागांच्या मानाने अर्ज इतके कमी आले की पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. तेव्हा सगळे म्हणाले, 'प्रसिद्धी कमी पडली'. वर्तमानपत्रात जाहिरात होती हो. आमच्या वस्तीवर वर्तमानपत्र येत नाही.

शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायला एक निवेदन तयार करतोय. राज्याचं धोरण बदलायची वाट बघत नाही, आमच्या तालुक्यापुरतं जिल्हा नियोजनातून दोन माणसं एका वर्षासाठी मागणार आहे. सोबत महिनावार कागदांचं कोष्टक जोडायचंय. जून: आधार आणि शाळेच्या दाखल्यातली नावं तपासणे, मुलाचं स्वतःचं बँक खातं. जुलै-ऑगस्ट: उत्पन्न, अधिवास, जातीचा दाखला, वैधतेच्या पुराव्यांचा शोध. सप्टेंबर: वैधतेचे अर्ज. टोळ्या हलायच्या आत. त्यापुढचं तुम्ही सांगा.


टेबलामागून | शनिवार, रात्री १०:१०

नॉन-क्रिमीलेअर आणि आर्थिक दुर्बलचा दाखला घाईने जूनमध्ये काढून ठेवू नका. प्रवेशाच्या वेळी चालू आर्थिक वर्षाचा लागतो. जूनचा ३१ मार्चला संपेल आणि पुढच्या जुलैत मूल पुन्हा रांगेत. हे दोन एप्रिलमध्ये घ्या, टोळ्या परतल्यावर. तेव्हा बापही गावात असतो.


मनकवडी | शनिवार, रात्री १०:२५

आणि एप्रिलमध्येच पालकांची वसतिगृहाची फेरी. एसटीचं भाडं निवेदनात लिहा, नाहीतर ते शेवटी शिक्षकाच्या खिशातून जातं. शहरात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून पुणे-मुंबई-नागपूरसारख्या ठिकाणी वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, आदिवासी मुलांना स्वयंम आहे, इतर मागास आणि भटक्यांना ज्ञानज्योती आधार. बापाला फेरीतच सांगा.


बिऱ्हाड_पाठीवर | रविवार, सकाळी ७:००

सर, पुराव्यांच्या शोधासाठी एक साधा तक्ता मी करून देतो: आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, कोण कुठल्या गावात राहिलं, कुणी शाळेत गेलं का. मुलाने सुट्टीत घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून भरायचा. आमच्या समाजातल्या पोरांना तरी हाच लागतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, बघून घ्या.


खडूफळा | रविवार, सकाळी ७:४०

पाठवा. आणि त्यात आत्याच्या सासरचं गावही विचारू नका, ते चालत नाही. वडिलांच्या बाजूचंच हवं.